विश्लेषण : टोपीच्या पिनेने इंधननळी साफ करणाऱ्या बर्था बेन्झ कोण होत्या? आजच्या थ्रॉटल बॉडीशी त्यांचे नाते काय?

सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरणे, आरपीएमचा काटा वर-खाली होणे, क्लच दाबताच गाडी बंद पडणे, अशा तक्रारींवर हल्ली पहिला सल्ला मिळतो तो थ्रॉटल बॉडी साफ करण्याचा. क्लीनरचा डबा, मऊ ब्रश आणि तासभर वेळ एवढ्यावर हे काम घरी करणारे अनेक कारमालक आहेत. इंजिनात हवा आणि इंधन जाण्याच्या वाटेत मळ साचला की गाडी रुसते, ही अडचण मात्र मोटारीइतकीच जुनी आहे. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांब पल्ल्याच्या प्रवासातच ती उभी राहिली. तेव्हा ना गॅरेज होते, ना मेकॅनिक. वाट मोकळी केली ती एका ३९ वर्षांच्या महिलेने, टोपीत खोचलेल्या पिनेने. या बर्था बेन्झ यांच्या आयुष्याचा आणि त्या सफाईमागील तंत्राचा हा आढावा.

बर्था बेन्झ कोण होत्या?

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी फॉर्झहाइम येथे झाला. हे शहर तेव्हाच्या बाडेन संस्थानात होते, आज ते जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात आहे. वडील सुतारकामातून वर आलेले बांधकाम व्यावसायिक. घर सुखवस्तू, भावंडे बरीच. बर्था यांच्या जन्माची नोंद करताना वडिलांनी घरातील बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहून ठेवली होती आणि ती नोंद पुढे बर्था यांच्या वाचनात आली, असे सांगितले जाते.

शाळेत त्यांना विज्ञानाची गोडी लागली, पण त्या काळात मुलींसाठी शिक्षणाची वाट शाळेपाशीच संपत असे. जर्मनीत मुलींना विद्यापीठाची दारे प्रथम उघडली ती बाडेननेच, पण १९०० मध्ये. तेव्हा बर्था पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. जे शिकल्या ते कार्यशाळेत, यंत्राशेजारी उभे राहून.

हुंड्याचे पैसे कारखान्यात कसे गेले?

१८६९ मध्ये एका सहलीत त्यांची कार्ल बेन्झ यांच्याशी ओळख झाली. कार्ल हे रेल्वे इंजिन चालकाचे पुत्र. वडील लहानपणीच गेले, आईने कष्टाने शिकवले. कार्ल्सरूहे येथे अभियांत्रिकी शिकलेल्या या तरुणाकडे पैसा नव्हता, पण घोड्याविना चालणाऱ्या गाडीचे वेड होते.

१८७१ मध्ये कार्ल यांनी ऑगस्ट रिटर या भागीदारासह मॅनहाइम येथे यंत्रकामाची कार्यशाळा काढली. भागीदारी लवकरच बिनसली. रिटर यांचा हिस्सा विकत घेतल्याखेरीज धंदा वाचणे कठीण होते. तेव्हा बर्था यांनी लग्नासाठी राखून ठेवलेली हुंड्याची रक्कम वडिलांकडून आधीच मागून घेतली आणि ती कार्यशाळेत घातली. २० जुलै १८७२ रोजी त्यांचा विवाह झाला.

हा तपशील महत्त्वाचा, कारण त्या काळच्या कायद्याने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती जाई. अविवाहित असताना बर्था स्वतः पैसा गुंतवू शकत होत्या, लग्नानंतर तो हक्क उरला नाही. ज्या कारखान्याचा पाया त्यांच्या पैशाने वाचला, त्याच्या कागदांवर भागीदार म्हणून त्यांचे नाव आले नाही. पेटंटवरही नाव आले ते कार्ल यांचेच.

पेटंट मिळूनही गाडी का खपेना?

लग्नानंतरची पहिली वर्षे ओढाताणीची होती. १८७३ च्या आर्थिक पडझडीनंतर मंदी आली, कार्यशाळेवर कर्ज चढले आणि घरात मुले वाढत होती. कार्ल यांनी सारा भर एका नव्या गॅस इंजिनावर दिला. त्यांचे दोन स्ट्रोकचे इंजिन पहिल्यांदा नीट चालले ते १८७९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री. त्या वेळी कार्यशाळेत त्यांच्यासोबत बर्था होत्या.

१८८३ मध्ये माक्स रोझे आणि फ्रीडरिश विल्हेल्म एसलिंगर या भागीदारांसह बेन्झ अँड कंपनी उभी राहिली. कारखान्यांना लागणारी एका जागी बसवायची इंजिने खपू लागली. त्यातून कार्ल यांना गाडीवर काम करण्यास फुरसत मिळाली. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जर्मन पेटंट क्रमांक ३७४३५ हा आज मोटारीचा जन्मदाखला मानला जातो. ९५४ घनसेंमीचे एक सिलिंडर, पाऊण अश्वशक्ती आणि ताशी सुमारे १६ किमीचा वेग, अशी ही गाडी होती. त्याच वर्षी ३ जुलैला ती मॅनहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धावली.

पण गिऱ्हाईक येईना. आवाज करणारी, धूर सोडणारी, घोडे बुजवणारी ही वस्तू लांबचा पल्ला गाठेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. गाडी कारखान्याच्या आसपास फिरून परत येई. भागीदारांना खपणाऱ्या इंजिनांत रस होता, गाडीत नव्हता. कार्ल हे काटेकोर अभियंते होते. प्रत्येक भाग आणखी सुधारल्याशिवाय यंत्र जगासमोर मांडायला ते कचरत. हुंड्याचे पैसे, १५ वर्षांचा संसार आणि पतीची उमेद, सारे या एका यंत्रात अडकले होते.

ऑगस्ट १८८८ मध्ये काय घडले?

ऑगस्टच्या सुरुवातीला, शाळांना सुट्टी असताना, बर्था यांनी १५ वर्षांचा ओयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड या मुलांना सोबत घेतले आणि पहाटे गाडी बाहेर काढली. कार्ल यांना कल्पना नव्हती. सरकारी परवानगीही घेतलेली नव्हती. निमित्त होते फॉर्झहाइमला माहेरी जाण्याचे. खरा हेतू, ही गाडी दूरवर जाऊ शकते हे पतीला आणि जगाला दाखवण्याचा होता.

जाण्याचा पल्ला शंभर किमीच्या थोडा वर होता. रस्ता म्हणजे घोडागाड्यांनी खणलेल्या चाकोऱ्या. कोणत्या वळणाला वळायचे याच्या पाट्या मोटारीसाठी नव्हत्या. अनेक ठिकाणी चढ एवढे तीव्र होते की दोन-अडीच अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला ते पेलत नसत. मग मुले, आणि कधी कधी आईही, उतरून गाडी ढकलत.

या प्रवासाचे तपशील मुख्यतः कार्ल यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातून आणि कुटुंबाच्या आठवणींतून आले आहेत. सांगण्याच्या ओघात काही बारकावे बदलत गेले, पण मुख्य घटनांचा धागा तोच राहिला आहे.

नळी का तुंबली?

यासाठी त्या गाडीचा कार्ब्युरेटर समजून घ्यावा लागेल. आजच्यासारखी वेगळी इंधनटाकी तीत नव्हती. कार्ब्युरेटरमध्येच सुमारे साडेचार लिटर इंधन मावत असे. इंधन म्हणजे लिग्रोइन हे पेट्रोलसारखे, झटकन उडून जाणारे द्रव. इंजिन ओढून घेत असलेली हवा या द्रवाच्या संपर्कातून जाई, त्याची वाफ सोबत घेई आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये जाऊन पेटे. उघड्या भांड्यातील स्पिरिट उडून जाते, त्याच तत्त्वावर हे सारे चालत होते.

अशा रचनेत कचऱ्याला फार वाव होता. लिग्रोइन औषधाच्या दुकानातून बाटल्यांत मिळे. रस्ते धुळीचे आणि आजच्यासारखे बारीक फिल्टर नव्हते. बारीक नळीत थोडा गाळ अडकला तरी इंधन पोहोचत नसे आणि इंजिन बंद पडे. वाटेत नेमके तेच झाले. बर्था यांनी त्या काळच्या बायका केसांवर टोपी टिकवण्यासाठी खोचत ती लांब पिन काढली, नळीत घालून गाळ मोकळा केला आणि इंजिन पुन्हा सुरू झाले.

ही गोष्ट आज गमतीची वाटते. पण त्यामागे एक ज्ञान होते. गाडी थांबली तेव्हा बिघाड ठिणगीत आहे, पाण्यात आहे की इंधनात, हे आधी ओळखावे लागते. कोणती नळी कुठून कुठे जाते हे ठाऊक असावे लागते. वर्षानुवर्षे कार्यशाळेत पाहिलेले आणि हाताळलेले यंत्र त्यांना पाठ होते, म्हणूनच पिन योग्य जागी गेली.

वाटेत आणखी कोणत्या दुरुस्त्या झाल्या?

लिग्रोइन संपत आले तेव्हा वीसलॉख गावातील औषधाच्या दुकानातून ते घेतले गेले. तेथील औषधविक्रेत्याने दिलेल्या या इंधनामुळे ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजून वीज भलतीकडे जाऊ लागली, तेव्हा पायमोजे बांधायच्या लवचिक पट्ट्याचे वेटोळे घालून तार झाकण्यात आली. ताणली गेलेली साखळी ब्रुखझाल येथे लोहाराने नीट केली. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडत असे. ते विहिरी, ओढे, खानावळी, जिथे मिळेल तिथून भरले जाई.

सर्वांत दूरगामी ठरली ती ब्रेकची दुरुस्ती. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले. बाउश्लॉट येथे बर्था यांनी चर्मकाराकडून त्यावर चामड्याचे तुकडे बसवून घेतले. ब्रेक लायनिंग या कल्पनेचा उगम येथे मानला जातो. अंधार पडता पडता तिघे फॉर्झहाइमला पोहोचले आणि कार्ल यांना सुखरूप पोहोचल्याची तार गेली. काही दिवसांनी ते वेगळ्या वाटेने मॅनहाइमला परतले. येऊन-जाऊन प्रवास सुमारे १९४ किमीचा झाला.

या प्रवासाने काय बदलले?

पहिला परिणाम यंत्रावर झाला. चढावरचा अनुभव ऐकून कार्ल यांनी गाडीला आणखी एक गिअर दिला. ब्रेकमध्येही बदल झाले. आज ज्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणतात त्याचा हा पहिला नमुना होता. चालवणाऱ्याने अडचणी टिपल्या आणि बनवणाऱ्याने त्या दूर केल्या.

दुसरा परिणाम बाजारावर झाला. प्रवासाची चर्चा झाली. त्याच वर्षी म्युनिक येथील प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. १८९० मध्ये जुने भागीदार बाहेर पडून नवे आले आणि विक्रीचा जोर वाढला. १८९४ च्या बेन्झ वेलो या छोट्या गाडीच्या सुमारे १,२०० प्रती निघाल्या. १८९९ मध्ये कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती.

कार्ब्युरेटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत प्रवास कसा झाला?

वाफेवर चालणारा कार्ब्युरेटर फार काळ टिकला नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा हवेत सोडणारा कार्ब्युरेटर बनवला. पुढील जवळपास शतकभर मोटारी याच तत्त्वावर धावल्या. १९६७ मध्ये बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शन बाजारात आणले. भारतात २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर मागे पडला. मारुतीच्या गाड्यांमागे लिहिलेली एमपीएफआय ही अक्षरे अनेकांना आठवत असतील.

कार्ब्युरेटर दोन कामे करी. हवा मोजणे आणि तीत इंधन मिसळणे. इंजेक्शनमध्ये इंधनाचे काम इंजेक्टरकडे गेले, हवेचे काम थ्रॉटल बॉडीकडे राहिले. ही धातूची एक रुंद नळी असते आणि तिच्या आत फिरणारी गोल झडप. एक्सिलरेटर दाबला की झडप उघडते आणि हवा आत जाते. गाडी जागेवर उभी असताना झडप जवळजवळ बंद असते, हवा जाते ती कडेच्या अगदी अरुंद फटीतून.

मळ साचतो तो नेमका या फटीत. इंजिनातील तेलाची वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडली जाते, ती झडपेवर चिकट काळा थर धरते. फट अरुंद झाली की हवा कमी पडते आणि आयडलिंग बिघडते. बर्था यांच्या नळीत अडले होते इंधन, इथे अडते ती हवा.

घरी सफाई आणि रीसेट करताना काय लक्षात ठेवावे?

काम करताना इंजिन थंड असावे, चावी काढलेली असावी आणि जागा मोकळ्या हवेची असावी. क्लीनर ज्वलनशील असतो, त्यामुळे जवळ आग किंवा सिगारेट नको. एअर फिल्टरकडून येणारा पाइप आणि त्याचे क्लिप सोडवले की झडप दिसते. हे करण्यापूर्वी जोडणीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास परत बसवताना घोळ होत नाही.

क्लीनर थ्रॉटल बॉडीसाठीचाच घ्यावा. जुन्या कार्ब्युरेटरसाठीचे काही क्लीनर झडपेवरील लेप आणि सेन्सर खराब करू शकतात. फवारा थेट मारण्याऐवजी कापडावर घेऊन झडपेच्या कडा आणि आतील भिंत पुसणे सुरक्षित ठरते. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर आणि झडपेच्या मोटारीकडे द्रव जाऊ देऊ नये. सध्याच्या बहुतेक गाड्यांत झडप मोटारीने फिरते. ती बोटाने जोर लावून ढकलल्यास आतील गिअर तुटू शकतात आणि चावी चालू असताना बोट चेंगरू शकते. खरवडण्यासाठी धारदार वस्तू वापरू नये. बर्था यांच्याकडे पिनेला पर्याय नव्हता, आज तो आहे.

सफाईनंतर अनेकांची पंचाईत होते, कारण आयडलिंग उलट वाढते. त्याचे कारण सोपे आहे. मळाने फट अरुंद होत गेली, तशी गाडीच्या संगणकाने झडप थोडी जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. मळ गेला, सवय तशीच राहिली, म्हणून हवा जास्त जाते. ही सवय मोडून नवी लावणे म्हणजे रीसेट.

त्याची पद्धत गाडीगणिक वेगळी असते. काही गाड्या एसी आणि दिवे बंद ठेवून थोडा वेळ आयडलवर चालवल्या की आपोआप जुळवून घेतात. काहींत चावी ठरावीक क्रमाने चालू-बंद करावी लागते, तर काहींत ओबीडी पोर्टला स्कॅनर जोडल्याशिवाय काम होत नाही. बॅटरीची तार काढल्याने काही गाड्यांत जुनी सवय पुसली जाते, पण घड्याळ, रेडिओ किंवा काचांची मांडणीही जाऊ शकते. म्हणून आधी मॅन्युअल पाहणे योग्य. सफाई आणि रीसेटनंतरही इंजिन थरथरत असेल तर स्पार्क प्लग, हवेची गळती किंवा सेन्सर यांपैकी कारण असू शकते. तेव्हा मेकॅनिक गाठावा.

उत्तरायुष्य कसे गेले?

१९०३ मध्ये व्यवस्थापनाशी मतभेद होऊन कार्ल यांनी कंपनीचे रोजचे काम सोडले. पुढे हे कुटुंब लाडेनबर्ग या छोट्या गावी स्थायिक झाले आणि १९०६ मध्ये तेथे मुलासह नवा कारखाना काढला. १९२६ मध्ये जुन्या प्रतिस्पर्धी डाइमलर कंपनीशी बेन्झ कंपनीचे विलीनीकरण झाले आणि मर्सिडीज-बेन्झ हे नाव रूढ झाले. भारतात ते प्रथम घरोघरी पोहोचले ते १९५४ पासून बनलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकमुळे. कंपनीच्या मोटारींचा आजचा भारतातील कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

कार्ल यांचे निधन ४ एप्रिल १९२९ रोजी झाले. त्यानंतर बर्था १५ वर्षे लाडेनबर्गच्या घरी राहिल्या.

श्रेय कधी मिळाले?

कार्ल यांना कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यापीठाने १९१४ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. बर्था यांना याच संस्थेने मानद सिनेटर केले ते ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या ९५व्या वाढदिवशी. जिथे विद्यार्थिनी म्हणून त्यांना तरुणपणी पाऊल ठेवता आले नसते, तिथून आलेला हा मान होता. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये मॅनहाइम ते फॉर्झहाइम आणि परतीचा मार्ग बर्था बेन्झ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृतपणे जाहीर झाला. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्ल यांना १९८४ मध्ये स्थान मिळाले होते. बर्था यांचे नाव तेथे लागले २०१६ मध्ये, पतीनंतर ३२ वर्षांनी. पेटंटच्या कागदावर मात्र आजही एकच नाव आहे.